कळंबाचे चोवीस वाडगे

आमच्या ह्यांना झाडांच्या मयताला जायची लय हौस. माणसाच्या मयताला जायचं म्हटलं की ह्यांची टोपी सापडत नाही, गाडीत पेट्रोल नसतं, गुडघा धरलेला असतो. पण आजूबाजूच्या दहा गावांत कुठं झाड पडल्याचा फोन येऊ द्या, अर्धा चहा टाकून गडी उंबऱ्याबाहेर. वायरमन पोचायच्या आधी आमचे हवालदार तिथं हजर. गेल्यावर लगेच करवत काढतील तर शपथ. आधी झाडापाशी टेकायचं. घरच्यांना विचारायचं, किती वय होतं, कुणी लावलं होतं, आजारी होतं का अचानक गेलं. ह्यांच्या नादानं ती माणसं बी रडवेली होतात. मग चहा होतो, आणि मग टेम्पो.

मी बनुबाई, आष्ट्याची. जन्मभर अंगणवाडीत दुसऱ्यांची पोरं सांभाळली. रिटायर होऊन घरी बसले, तर घरात त्रेसष्ट वर्षांचं एक पोर सांभाळायला ठेवलेलंच होतं. नाव मानसिंग. नवऱ्याचं नाव घ्यायला मला उखाणा लागत नाही. हे लष्कराच्या वर्कशॉपमध्ये टर्नर होते, बावीस वर्षं लोखंड कातलं. पेन्शनीत आल्यावर काही वर्षं साखर कारखान्यात काढली. तिथनं सुटले तशी कुठली तरी कातकामाची जुनी लेथ उचलून आणली, गोठ्यातली म्हैस विकली आणि तिच्या दाव्याच्या जागी ही बसवली. म्हैस दूध तरी द्यायची. ही नुसती गुरगुरते.

त्या लेथवर हे वाडगे काढतात. पडलेल्या झाडाचा ओंडका आणायचा, त्याचा गड्डा कापून लेथवर चढवायचा, आणि तो गरगर फिरायला लागला की पटाशी टेकवायची. मग लाकडाच्या लांबच्या लांब ढलप्या उडतात, ह्यांच्या टोपीवर, मिशीवर, माझ्या वाळत घातलेल्या पापडांवर. आतला वाडगा बाहेर आला की दोन्ही हातांत धरून उजेडाकडं नेतात आणि मला हाक मारतात. मी हातातलं काम टाकून जाते. लाकडातल्या रेघा दाखवतात. मी छान म्हणते. अशा हाका दिवसाला सहा-सात तरी होतात.

ह्यांचे नियम दोनच. उभ्या झाडाला हात लावायचा नाही, हा एक. आणि आंबा पडलेला असला तरी त्याला हात लावायचा नाही, हा दुसरा. कारण आंबा हे आमच्या सासरचं देवक. आमच्यात प्रत्येक घराण्याचं एक देवक असतं. लग्नाच्या आदल्या दिवशी त्या झाडाची डहाळी वाजतगाजत आणून मांडवात पूजायची, आणि एरवी ते झाड तोडायचं नाही, जाळायचं नाही, त्याच्या पाटावर बसायचं नाही. हे ह्याच्यात फार कडक. एकदा मळ्यात भला थोरला हापूस आडवा झाला होता, मालकानं फुकट देऊ केला. हे चप्पल काढून लांबून पाया पडले आणि मोकळा टेम्पो घेऊन परत आले. टेम्पोवाला आठ दिवस हसत होता.

वाडगे घेतं कोण, असं विचाराल. कोण घेणार? आमच्या नात्यात आता असं घर राहिलं नाही जिथं ह्यांचा वाडगा पोचला नाही, आणि त्यात किल्ल्या आणि जुनी औषधं सोडून कुणी काही ठेवत नाही. म्हणून गेल्या वर्षी महाबळेश्वरच्या एका हॉटेलवाल्याचा फोन आला तेव्हा ह्यांचे पाय जमिनीवर ठरेनात. त्याला स्ट्रॉबेरी आणि क्रीम घालून द्यायला चोवीस वाडगे पाहिजे होते, सगळे एकाच झाडाचे, एका रंगाचे. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मागून घेत होतं. दूधवाल्याला सांगितलं, न्हाव्याला सांगितलं. गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला खाली बसवून सांगितलं.

एकाच झाडाचे चोवीस म्हणजे झाड मोठं पाहिजे. हे रोज आभाळाकडं बघायचे. परतीच्या पावसात एका रात्री वारं सुटलं, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ह्यांचा टेम्पो दारात लागला. ओंडक्यांवर ताडपत्री.

"कसलं झाड आणलंसा?" मी विचारलं.

"हाय कसलं तरी जंगली. वाटंत आडवं पडलं हुतं."

जो माणूस झाडाच्या आज्या-पणज्याची चौकशी करतो, तो कसलं तरी जंगली म्हणतो, तिथंच माझ्या डोक्यात उजेड पडायला पाहिजे होता. पण मी चकलीच्या भाजणीत होते.

त्या लाकडाचे वाडगे मात्र खरंच देखणे निघत होते. फिकट, जरा गुलाबट, हाताला लोण्यासारखे. हे दिवसभर लेथवर, आणि मी मागं झाडू घेऊन. ढलप्या गोळा करायच्या, उन्हात टाकायच्या आणि सकाळी बंबात घालायच्या. काय सुरेख पेटायच्या. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला पहाटे पाच वाजता पाणी कढत तयार. मी ह्यांना उटणं लावता लावता म्हटलंसुद्धा, असलं लाकूड आणत जावा की रोज. ह्यांनी मान खाली घातली. मला वाटलं डोळ्यात तेल गेलं.

भाऊबीजेला मी दर वर्षी माहेरी जाते. माहेर नदीकाठी, गाडीवरून अर्ध्या तासाची वाट. त्या सकाळी ह्यांच्या पोटात दुखायला लागलं. मी ओवा दिला. मग गाडीचं चाक बसलं. मी पंप आणून दिला. मग म्हणाले, "न्हाईतर सयाजीलाच हिकडं बोलवूया का?" सयाजी म्हणजे माझा धाकटा भाऊ. म्हटलं, "आवं, गप किक मारा."

गावाच्या अलीकडं उसाला वळसा घालून रस्ता वळतो. वळलं की पहिल्यांदा दिसतो तो आमच्या दारातला कळंब, पुस्तकातला कदंब. घर नंतर दिसतं, मारुतीचा कळस त्याच्याही नंतर. लग्न झाल्यापासून चाळीस वर्षं ह्या वळणावर माझी मान आपोआप वर होते. त्याच्या पिवळ्या गोंड्यांच्या माळा घालून मी मिरवलेय, त्याच्यावरनं पडून हात मोडून घेतलाय. माझ्या लग्नाचं देवक त्याच्याच डहाळीचं होतं. कळंब म्हणजे माझ्या माहेरचं देवक.

त्या दिवशी मान वर झाली आणि नुसतं आभाळ दिसलं. मला वाटलं वळण चुकलं. ह्यांना तसं म्हटलं, तर हे पाठ ताठ करून गाडी चालवत राहिले.

अंगणात कळंबाच्या जागी खड्डा होता आणि त्यात पाणी. माझी भावजय संयोगिता स्वभावानं साधी, पोटात काही ठेवत नाही. तिनं पाय धुवायला पाणी दिलं आणि म्हणाली, "वन्सं, दाजी आलं म्हून बरं झालं बघा. पार दारात आडवा झालता, जाया-यायला वाट न्हवती. दोन दिवसांत समदं घिऊन गेलं. एक काटकी ठिवली न्हाई."

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे गाडीचा आरसा पुसत होते.

मग मला ढलप्या आठवल्या. पंधरा दिवस रोज सकाळी मी बंब पेटवत होते ते कशावर, हे तेव्हा मला कळलं. दिवाळीची पहिली अंघोळ माझ्या देवकाच्या जाळावर झाली होती, आणि वर मीच छान पेटतंय म्हणाले होते. संयोगितानं आणून दिलेलं ओवाळणीचं ताट मांडीवर तसंच घेऊन मी पायरीवर बसले.

सयाजी पुढं आला. "आक्का, माझा नाइलाज हुता. मला करवत लावता येत न्हाई, आपलं देवक. गडी लावून तोडावं तरी मीच तोडल्यागत. दाजींचं देवक आंबा. त्यास्नी चालतंय."

"मला एक फोन करायचा न्हाई व्हय रं? मी येऊन हळदकुंकू वाहिलं असतं."

"तुला कशाला तरास? तुजं देवक आता ते न्हाई आक्का. लगनात बदललं की. तुजं बी आंबाच."

हे तो रागानं म्हणाला असता तर मी दोन दिल्या असत्या, मोठी बहीण आहे मी त्याची. पण तो साधं बोलला, शाळेत पाढा म्हणावा तसं. म्हणूनच लागलं. मी त्याला ओवाळलं, त्यानं दिलेली साडी घेतली आणि जेवण न करता गाडीवर बसले. म्हटलं पोटात दुखतंय. ह्यांनीच सकाळी शिकवलं होतं.

घरी आल्यावर मी तोंड सोडलं. चाळीस वर्षांत एवढं सोडलं नव्हतं.

हे खाटेवर बसून ऐकत राहिले. मग म्हणाले, "खोटं बोललो, त्ये चुकलंच. पर बाकी मी नेमानंच चाललो, बनू. लगनात बाईचं देवक बदलतं. तुजं देवक त्येच माजं, आन् त्येला मी कवा हात लावलाय का? तूच सांग."

"न्हाई लावला. चाळीस वर्सं मी बी तुमच्या आंब्याला हात जोडत आले. वाळलेलं पान चुलीत जाऊ दिलं न्हाई. तुमचं देवक ते माझं झालं. मग माझं होतं, ते कुठं गेलं वो?"

हे उठून गोठ्यात गेले. लेथ लावली नाही, नुसतेच बसून राहिले.

दुसऱ्या दिवसापासून मी बंब बंद केला आणि गार पाण्यानं अंघोळ करायला लागले. कार्तिकातली थंडी, दातावर दात. हे बी मुकाट्यानं गारच पाणी घ्यायचे. न्हाणीतनं ह्यांच्या हुडहुडीचा आवाज ऐकू यायचा, मला जरा बरं वाटायचं. तिसऱ्या दिवशी मी सांगितलं, "लग्न झालं की देवक उठवून नदीत सोडतात. ते वाडगे बी सोडायचे. समदे."

मला वाटलं आता भांडतील. हॉटेलवाल्याला शब्द दिलाय, तोंड कसं दाखवू, असं काहीतरी म्हणतील. पण थोड्या वेळानं गोठ्यातनं फोनवरचं बोलणं कानावर आलं. "न्हाई साहेब, माल बिघडला. समद्या वाडग्यास्नी तडा गेला. माजीच चूक, मला वलं लाकूड सांभाळता आलं न्हाई. तुमी दुसरीकडं बघा." एकाही वाडग्याला केसाएवढी चीर नव्हती. आख्ख्या आयुष्यात ह्या माणसानं आपल्या कामात खोट आहे असं कबूल केलेलं नाही, भाजीत मीठ घालायचं स्वतः विसरले तरी मिठाला नावं ठेवतात. मी दाराआड उभी होते. माझा राग अर्धा तिथंच उतरला, पण तो उतरला हे ह्यांना कळू दिलं नाही.

सोडायचे तर माहेरच्याच घाटावर, असं मी ठरवलं होतं. सकाळी दोन पोत्यांत चोवीस वाडगे बांधले. सयाजीच्या घराकडं न वळता सरळ नदीवर गेलो. मी हळदकुंकू वाहिलं. ह्यांनी विजार गुडघ्यावर दुमडली, कमरेएवढ्या पाण्यात गेले, विजार दुमडल्याचा काही उपयोग झाला नाही, आणि एकेक वाडगा अलगद पाण्यावर ठेवायला लागले.

आता बघा, त्रेसष्ट वर्षांचा माणूस, आयुष्यातली दहा वर्षं लाकडात घातलेली. आणि मी अंगणवाडीत पोरांना पाण्यात काय बुडतं, काय तरंगतं, हे दर वर्षी टबात दाखवलेलं. दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की लाकूड बुडत नसतं.

वाडगे तरंगले. नुसते तरंगले नाहीत, मजेत डुलायला लागले. ह्यांनी एक वाडगा हातानं दाबला, तो बाजूला जाऊन वर आला. दुसरा दाबला, तोवर पहिला पुढं निघाला. मग ह्यांनी तळातला धोंडा उचलला.

"देवकात धोंडा घालताय व्हय?" मी घाटावरनं ओरडले.

ह्यांनी धोंडा टाकला आणि दोन्ही हात खाली सोडून उभे राहिले. चोवीसच्या चोवीस वाडगे रांगेनं धारेला लागले. मला हसू यायला लागलं, आणि हसता हसता रडू यायला लागलं. कारण ते खरंच निघाले होते, आणि आता कुठल्या गावाला, कुणाच्या हाती लागतील, काही ठिकाण नव्हतं. एवढा वेळ मला ते नकोसे होते. आता मी काठाकाठानं त्यांच्या मागं पळत होते, साठीची बाई, साडी वर खोचून.

खाली बंधारा आहे. तिथं पाणी तुंबतं, बायका धुणं धुतात. मी पोचले तोवर त्या वाडगे काढून धोंड्यावर मांडत होत्या. कल्लाप्पा पाटलांची चंदनबाला, जैनांच्या आळीतली, तिच्या दोन्ही हातांत दोन होते आणि तिसऱ्यावर डोळा. मागनं हे आले, गळ्यापर्यंत ओले. आणि सयाजी बी तिथंच, पाण्याची मोटर चालू करायला आलेला.

"किती गुळगुळीत हाय गं," चंदनबाला म्हणाली. "कुणाचं म्हणायचं हे?"

सयाजीनं एक वाडगा बघितला आणि ओळखला. ह्यांनी सांगायला तोंड उघडलं आणि माझ्याकडं बघून मिटलं. बायका माझ्याकडं बघायला लागल्या.

"माझा हाय," मी म्हणाले. "माझा कळंब हाय त्यो."

सयाजीनं मान खाली घातली. मी बायकांना म्हटलं, ज्यांचं देवक कळंब नाही त्यांनी खुशाल न्या, पीठ मळा, ताक घुसळा. फक्त चुलीत घालू नका. चंदनबालेनं विचारलं, "आमच्यात देवकच नसतंय. मग?"

"मग तू तीन घे."

बघता बघता धोंडे मोकळे झाले. शेवटचा एक राहिला, तो मी उचलला. पदरानं पुसला. सयाजी जवळ आला, लहानपणी काही मागायचं असलं की यायचा तसा.

"आक्का, मला एक?"

"तुला चालत न्हाई रं. तुजं देवक हाय ते. तुला हातसुद्धा लावायचा न्हाई."

"मग तुला कसं चालतंय?"

"माझं आता आंबा न्हवं का? तूच सांगितलंस."

मला बोलून झाल्यावर वाईट वाटलं. त्याच्याच दारातला खड्डा होता तो, रोज सकाळी त्यालाच ओलांडावा लागत होता. तो म्हणाला, "खरं हाय तुजं. पर एकदा हातात दे." मी दिला. त्यानं तो दोन्ही हातांनी धरला, आतनं बोटं फिरवली, नाकाशी नेला. डोळे भरून आले त्याचे. मग त्यानं तो माझ्या पदरात घातला आणि म्हणाला, "घिऊन जा आक्का. तुजाच हाय."

मी पदराला गाठ मारली आणि ह्यांच्या ओल्या पाठीमागं गाडीवर बसले.